मी पुसलेला आवाज

मी एक जुना माईक आहे. उंच दांड्यावर उभा राहून सभा गाजवणारा नव्हे. शर्टाच्या कॉलरला चिमट्याने लावतात ना, तो. बोटाच्या पेरापेक्षा जेमतेम मोठा. माझ्या अंगावर आता चरे पडले आहेत आणि कमरेपाशी असलेल्या एका बटणावर काळी चिकटपट्टी घट्ट बसवलेली आहे. ती पाहून मुलं विचारतात, हे बटण बिघडलंय का? मित्रांनो, बटण अजिबात बिघडलेलं नाही. ते फार उत्तम चालतं आणि तीच माझ्या शरमेची गोष्ट आहे. आपलं आयुष्य सांगायला बसलं की जो तो आपले पराक्रम सांगतो. माझ्याकडेही कौतुकाचे चार शब्द आहेत, पण ते सांगताना मलाच कानकोंडं व्हायला होतं.

एका लांबलचक, पांढऱ्या उजेडाच्या दालनात माझा जन्म झाला. भिंगातून बघत काम करणाऱ्या एका बाईने माझ्या पोटात केसाएवढ्या तारा जोडल्या आणि वर जाळीचं टोपण बसवलं. मला वायर नव्हती. मी ऐकलेलं सगळं हवेतून माझ्या जोडीदाराकडे जायचं. तो कॉम्प्युटरला चिकटलेला असायचा. शिवाय माझ्याकडे ते बटण होतं. ते दाबलं की मी नको असलेला गोंगाट पुसून टाकायचो आणि फक्त माणसाचं बोलणं पुढे पाठवायचो. कोणता आवाज हवा आणि कोणता नको हे मीच ठरवायचो. एवढ्याशा जिवाला एवढा अधिकार मिळाला की काय होतं, ते तुम्ही जाणताच. डबीत बसायच्या आधीच माझी मान ताठ झाली होती.

मी ज्या घरी आलो तिथे एक ताई राहत होती. माईक तपासणं हाच तिचा उद्योग होता. दुकानदार आणि कारखानदार तिच्याकडे नवे माईक पाठवायचे. ती त्यांची परीक्षा घ्यायची आणि कोणता माईक घेण्याजोगा आहे ते लोकांना सांगायची. तिची मतं ठाम होती. डबीवर काय छापलंय ते तिने कधी वाचलं नाही. कान सांगेल ते खरं, असं ती म्हणायची. तिचा एक नियम होता. हेडफोन लावून, डोळे मिटून स्वतः ऐकल्याशिवाय कुठल्याही माईकला ती बरं म्हणायची नाही. दुसरं कुणी म्हटलं तरी तिला चालायचं नाही.

तिची परीक्षेची खोली म्हणजे घरातली सगळ्यात लहान खोली. भिंतींना जुन्या गोधड्या टांगलेल्या आणि कोपऱ्यात कपड्यांनी गच्च भरलेलं कपाट, म्हणजे आवाज भिंतींवर आपटून परत येऊ नये. तिथे ती आम्हाला कॉलरला लावायची आणि प्रत्येकासमोर तीच ती वाक्यं बोलायची. प आणि फ म्हणताना तोंडातून फुंकर बसते का, स म्हणताना शिट्टी वाजते का, ते पाहायची. मान इकडे तिकडे वळवून बोलायची, ओढणी आमच्यावर घासायची, किल्ल्यांचा जुडगा वाजवायची. शेवटी पंखा मोठा करायची आणि खिडकी उघडायची, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांचा गलका आत यायचा.

माझ्याबरोबर त्या दिवशी एक वायरवाला माईक परीक्षेला होता. साधा, स्वस्त, बुटका. त्याने पंखा ऐकला, गाड्या ऐकल्या, शेजारच्यांच्या नळाचं पाणीसुद्धा ऐकलं आणि सगळं जसंच्या तसं पुढे केलं. ताईने नाक मुरडलं. मग माझी पाळी आली. तिने बटण दाबलं, बोलली आणि हेडफोन लावून ऐकायला बसली. तिने डोळे मिटले ते पटकन उघडले आणि वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता, पण माझ्या आवाजात त्याचा मागमूस नव्हता.

"बाबा, इकडे या," तिने हाक मारली. "ऐका तरी. पंखा गिळलाय याने."

मित्रांनो, तेव्हा मी हवेत तरंगत होतो. वायरवाल्याकडे मी ज्या नजरेने पाहिलं ती आठवली की आज मेल्याहून मेल्यासारखं होतं. ताईने मला पैकीच्या पैकी गुण दिले. वायरवाला खणात गेला आणि मी टेबलावर, रोजच्या वापरात.

पण तिच्या परीक्षेत एक गोष्ट राहून गेली होती आणि ती तेव्हा कुणाच्याच लक्षात आली नाही. दरवेळी बोलायची ती स्वतः. तिचा आवाज खणखणीत, घंटेसारखा. अशा आवाजाला निवडून काढणं हे काय मोठं काम? बसलेल्या, कापऱ्या, धाप लागलेल्या आवाजाने माझी परीक्षा कुणी घेतलीच नाही.

आता तिच्या वडिलांबद्दल सांगतो. लोक त्यांना मास्तर म्हणत, पण ते शाळेचे नव्हेत, मोटार शिकवणारे मास्तर. अर्धं गाव त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकलं होतं. शिकणारा गडबडला की ते कधी ओरडायचे नाहीत. हळू आवाजात म्हणायचे, घाई नाही, आरसा बघ, पाय हलका ठेव. घाबरलेल्या माणसाचं स्टिअरिंगवरचं थरथरणं म्हणे त्या आवाजाने थांबायचं. ताईची आई ती लहान असतानाच वारली होती. तिला वाढवलं ते याच आवाजाने. घरात दोघंच, आणि दोघंही मनातलं बोलण्यात सारखीच कंजूष. एकमेकांची चेष्टा मात्र दिवसभर चालायची. ताई टेबलावर माईक मांडून बसली की मास्तर म्हणायचे, आज कुणाचा निकाल? नापास झालेल्यांना माझ्याकडे पाठव, मी क्लच शिकवतो.

मग त्यांचा घसा बसला. सगळे म्हणाले, सर्दी असेल. सर्दी गेली पण आवाज परत आला नाही. तो दिवसेंदिवस घोगरा होत गेला, शब्दांचे शेवट हवेतच विरायला लागले. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, पण आवाज जाईल.

इस्पितळात बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक मार्ग सुचवला. ऑपरेशनच्या आधी मास्तरांनी ठरावीक वाक्यं बोलून रेकॉर्ड करून ठेवली, तर त्यावरून त्यांच्याच आवाजात बोलणारं यंत्र तयार करता येतं. पुढे मास्तरांनी फोनवर काहीही टाइप केलं की फोन त्यांच्या आवाजात ते बोलेल. मात्र आवाज स्वच्छ हवा आणि जे काही करायचं ते आताच, कारण नंतर रेकॉर्ड करायला आवाजच उरणार नाही.

ताई म्हणाली, काळजी नको, माईकचं माझ्यावर सोडा. तिने घरातल्या सगळ्या माईकांतून मला उचललं. मला यात नवल वाटलं नाही. मी पहिला आलेला होतो.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर गोधड्यांच्या खोलीत बसले. ताईने मला त्यांच्या कॉलरला लावलं आणि सवयीने बटण दाबलं. मग ती बाहेरच्या खोलीत गेली. ती नेहमीच बाहेर बसायची, म्हणजे खुर्चीची करकर नको. दार लावून, हेडफोन घालून ती शब्द न शब्द ऐकायची. हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. वर्षानुवर्षं ते पाहत आले होते.

त्या दिवशी तिने हेडफोन घातलेच नाहीत. माझ्या जोडीदाराने नंतर मला सांगितलं. तिने ते उचलले, कानापर्यंत नेले आणि परत टेबलावर ठेवले. वडिलांचा तो घोगरा आवाज इतक्या जवळून, अगदी कानाच्या आत ऐकणं तिला झेपेना. ती खिडकीशी पाठमोरी उभी राहिली. मध्येच वळून रेकॉर्डिंगचा दिवा हिरवा आहे ना, एवढं पाहायची आणि पुन्हा बाहेर बघायची. तिने नियम मोडला तो मायेपोटी. मी काय केलं त्याला मात्र तसं काही कारण देता येत नाही.

मास्तर वाक्यं वाचू लागले. दर शब्दाला धाप आणि घरघर. मला ती घरघर पंख्यासारखी वाटली. शब्दाच्या शेवटी विरणारा श्वास मला वाऱ्यासारखा वाटला. मी माझं काम चोख करत गेलो. घरघर आली की पुसली, श्वास आला की पुसला. जिथे आवाज फारच खाली गेला तिथे अख्खा शब्द पुसला. आणि सगळा वेळ मी खुशीत होतो, की बघा, किती स्वच्छ काम चाललंय.

वाक्यं संपली. मास्तरांनी हातातले कागद खाली ठेवले. मग हनुवटी खाली घेऊन, अगदी माझ्याशी तोंड आणून ते बोलू लागले. हे वाचलेलं नव्हतं.

"ऐकतेयस ना?" ते म्हणाले. "समोर बसून नाही जमणार मला, म्हणून इथे सांगतो. मला भीती वाटतेय गं. उद्या आत नेतील तेव्हा दारापर्यंत ये. बाकीची धावपळ दुसरं कुणीतरी करेल."

आणि ते दाराकडे बघत बसले.

ते इतकं हळू होतं, इतकं मोडलेलं होतं, की मी ते सगळंच्या सगळं गोंगाट म्हणून पुसून टाकलं. एक अक्षरही पलीकडे गेलं नाही.

थोड्या वेळाने ताई आत आली. रडून आलेली होती पण चेहरा हसरा ठेवला होता. झालं का बाबा, छान झालं हं, असं म्हणत तिने मला कॉलरवरून काढलं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. ती पुढे काही बोलेल म्हणून थांबले. ती मला डबीत ठेवू लागली. मग तेही म्हणाले, हो, झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या पर्समध्ये होतो. सकाळपासून तिची नुसती पळापळ चालली होती. फाईल या खिडकीवर, सही त्या खिडकीवर. सोबत एक मावशी आली होती, पण प्रत्येक काम ताईने स्वतःच्या अंगावर घेतलं. हातापायांना काम असलं की तिला बरं वाटायचं. ती खिडकीशी उभी असताना मागून एक चाकांची गाडी करकरत गेली. ताईला वाटलं, दुसरं कुणी असेल. ती परतली तेव्हा मावशी म्हणाली, नेलं त्यांना आत. दाराशी मान उचलून सारखे मागे बघत होते, कोणाला शोधत होते कोण जाणे. मी पर्सच्या तळाशी हे ऐकलं. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. जमिनीने पोटात घ्यावं असं वाटण्याची माझी ती पहिली वेळ.

ऑपरेशन नीट पार पडलं. मास्तर घरी आले. गळ्याच्या खालच्या बाजूला श्वासासाठी छिद्र होतं आणि आवाज गेला होता. काही आठवड्यांनी त्यांना टॉर्चएवढं एक यंत्र मिळालं. ते गळ्याला टेकवून ओठ हलवले की गुणगुणल्यासारखा एकसुरी आवाज निघायचा. त्या यंत्राचं नाव मास्तरांनी भुंगा ठेवलं. ते ताईशी नीट वागत होते, चेष्टाही करू लागले होते, पण काहीतरी अंतर ठेवून. ताई खोलीत आली की ते पेपर वर धरायचे. तिला वाटायचं, थकले असतील.

मग एका सकाळी उपचारवाल्या बाईंचा निरोप आला. या रेकॉर्डिंगवरून आवाज तयार होत नाही. निम्मे शब्द गायब आहेत.

ताई टेबलाशी बसली. पहिल्यांदाच हेडफोन घालून तिने ते ऐकलं. डोळे मिटायचं तिला सुचलं नाही. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते ना, ती जागोजागी तुटलेली होती. ऐकू येत होतं ते स्वच्छ होतं, पण ते मास्तर नव्हते. शब्दांचे कोरडे तुकडे होते. तिने हेडफोन काढले आणि मला हातात घेतलं. ती मला भिंतीवर फेकून मारेल असं वाटलं आणि खरं सांगतो, तिने मारावं अशीच माझी इच्छा होती. तिने मला नुसतं टेबलावर ठेवलं आणि वडिलांपुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, तुमचा आवाज मी घालवला," ती म्हणाली. "त्या दिवशी मी ऐकलंच नाही. हेडफोन घातलेच नव्हते. मला ऐकवेना."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. मग भुंगा गळ्याला लावला.

"म्हणजे शेवटचंही नाही?"

"शेवटचं काय?"

त्यांनी भुंगा खाली घेतला, पुन्हा वर केला. "काही नाही. खोकलो असेन."

ताई परत पडद्याशी गेली. शेवटच्या वाक्यानंतर एक लांबलचक सपाट रेघ होती. खोकला असा पुसला जात नाही, तो डोंगरासारखा दिसतो, हे तिला न कळायला ती काय नवखी होती? इथे बाबा काहीतरी बोलले होते, एवढं तिला कळलं. तिने पुन्हा विचारलं. मास्तरांनी मान हलवून विषय संपवला. पण त्यांचा चेहरा मात्र निवळला होता. इतके दिवस ते धरून चालले होते, की पोरीने ऐकलं आणि तरीही ती आली नाही. ते ओझं त्यांच्या मनावर मी चढवलं होतं. माझ्या एका बटणाने.

त्याच दुपारी ताईने माझी पुन्हा परीक्षा घेतली. मला मास्तरांच्या कॉलरला लावून बटण दाबलं आणि त्यांना भुंग्यावर बोलायला सांगितलं. मी सगळं पुसून टाकलं. पडद्यावर काहीच उमटलं नाही. मास्तरांचे खांदे हसून हसून हलू लागले. भुंगा लावून ते म्हणाले, याला वाटतंय मी पंखा आहे. ताई हसता हसता रडायला लागली. मग तिने बटण बंद केलं, त्यावर ही काळी पट्टी चिकटवली आणि खणातून त्या वायरवाल्याला बाहेर काढून पुसून टेबलावर ठेवलं. त्याने मला एका शब्दानेही टोमणा मारला नाही. मारला असता तर मला सोपं गेलं असतं. तेव्हापासून ताईकडे येणाऱ्या प्रत्येक माईकला आधी मास्तरांचा भुंगा ऐकून दाखवावा लागतो. भलेभले तिथे गार होतात.

मला नवं काम मिळालं. भुंग्याचा आवाज गर्दीत पोचत नाही, म्हणून मास्तर बाहेर पडताना मला कॉलरला लावतात आणि माझ्या जोडीदाराला जोडलेला एक छोटा स्पीकर कमरेला अडकवतात. आता मी सगळं ऐकतो आणि सगळं पुढे पाठवतो. निवड करण्याचा अधिकार माझ्याकडून काढून घेतला आहे, ते योग्यच झालं.

असेच एकदा आम्ही इस्पितळात गेलो. मास्तरांना रेडिएशन द्यायचं होतं आणि तो पहिला दिवस होता. लांब बोळात बाकावर माणसं ओळीने बसली होती. टोकाला एक जाड दार होतं. त्याच्या आत पेशंटने एकट्याने जायचं आणि नातेवाइकांनी बाकावर थांबायचं, असा तिथला रिवाज. नर्सने हाक मारली. मास्तर उठले, चार पावलं गेले आणि थांबले. ताईच्या मांडीवर पिशव्या होत्या, ती बसूनच होती. त्यांनी वळून भुंगा गळ्याला लावला. कमरेचा स्पीकर चालू आहे हे ते विसरले होते.

"भीती वाटतेय गं. दारापर्यंत ये."

सगळ्या बोळात ते घुमलं. माणसांच्या माना वळल्या. मास्तर इतके खजील झाले, की स्पीकरचं बटण त्यांना सापडेना. मी तर जागच्या जागी गोठलो. आधी पुसलं ते मी, आणि आता चारचौघांत ओरडून सांगितलं तेही मीच.

कुणी हसलं नाही. बाकाच्या कडेला बसलेले एक गृहस्थ मान वर न करताच म्हणाले, "सगळ्यांनाच वाटते, काका."

ताई उभी राहिली होती. पिशव्या खाली पडल्या होत्या आणि तिला त्याचं भान नव्हतं.

"बाबा, हेच होतं का तेव्हा?"

मास्तरांनी मान डोलावली. ती पुढे गेली आणि तिने त्यांचा हात धरला. दोघं दारापर्यंत चालत गेली. आत यंत्रं न्यायची नसतात, म्हणून त्यांनी मला काढून तिच्या तळहातावर ठेवलं. दार बंद झाल्यावरही ती तिथेच उभी राहिली आणि मला मुठीत घट्ट धरून तिने तीच दोन वाक्यं स्वतःशी हळूच म्हणून पाहिली.

मित्रांनो, तेव्हापासून माझं पुन्हा कौतुक होऊ लागलं आहे. मास्तर मला थोपटतात, ताई माझी जाळी मऊ ब्रशने साफ करते. मला मात्र प्रत्येक वेळी ती दुपार आठवते. ती वाक्यं मास्तरांच्या स्वतःच्या आवाजात एकदाच बोलली गेली आणि ती फक्त मी ऐकली. त्या आवाजाची दुसरी प्रत जगात कुठेही नाही. ताईने मोठ्या मनाने दोष स्वतःकडे घेतला, पण त्यातला माझा वाटा मला माहीत आहे.

माझ्यासारख्या वस्तू शेवटी सांगतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मी ते मागणार नाही, मला तोंडच नाही मागायला. मागायचं ते दुसऱ्यासाठी मागतो. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणाचा आवाज बसका असेल, कुणी अडखळत असेल, कुणी फार हळू बोलत असेल. त्यांच्याजवळ जरा सरकून बसा. आणि ते काय म्हणाले ते त्यांना एकदा म्हणून दाखवा, नाहीतर तुम्ही ऐकलंत हे त्यांना कळणार कसं? ते बिचारे दाराकडे बघत बसतात.